ओळीवरचं बोट

“तो खट् कसला?” भावानं विचारलं आणि वाचकबाईंचं बोट ओळीवर जिथल्या तिथे थांबलं.

“कुठला खट्?”

“आत्ता झाला तो. एक पाऊल, खट्. पुन्हा एक पाऊल, खट्. मघापासून अख्ख्या स्टेजवर फिरतोय. कोण आहे?”

वाचकबाईंनी समोरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, ‘पाचवी नर्तकी प्रवेश करते.’ त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, शब्द न् शब्द सुटा, पहिल्या वेळेसारखाच.

“अगं, प्रवेश केला ते ऐकलं मी. काय घेऊन केला ते विचारतोय.”

“कागदावर तेवढंच आहे.”

“आणि काचेतून?”

माइकचं बटण बंद करून बाईंनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं. प्रश्नपत्रिका फुटल्याची बातमी आली असती तरी त्यांचा चेहरा याहून वेगळा झाला नसता.

विद्यापीठाच्या प्रेक्षागृहात सगळ्यात मागे, दिवे सांभाळणाऱ्याच्या जागेला लागून, ही काचेची खोली होती. खोली म्हणायची आपली. दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा हा प्रश्न. समोर काच, काचेपलीकडे खुर्च्यांच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे रंगमंच. बाईंनी इथे बसून माइकवर बोलायचं आणि ज्यांना दिसत नाही अशा, पुढच्या दोन रांगांतल्या प्रेक्षकांनी ते कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकायचं, अशी योजना होती. आज तालीम होती. “ऐकून बघा आणि कसं वाटतं ते सांगा,” म्हणून नाट्यविभागाच्या मॅडमनी भावाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो ऐकत होता, आणि सांगतही होता.

‘वाचकबाई’ हे नाव त्यांना परीक्षा विभागात पडलं. तिथे त्या वरिष्ठ लिपिक. पण परीक्षा आल्या की अंध विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडे यायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. प्रश्न असा वाचायचा की तो नीट कळावा, पण उत्तराचा वासही येऊ नये. चार पर्यायांतल्या बरोबर पर्यायावर आवाज जरा जरी रेंगाळला, तरी हुशार पोरं तेवढ्यावर गुण काढतात. म्हणून बाईंनी आवाजाला कडक इस्त्री केली होती. ओळीखाली बोट, बोटावर नजर. वर बघायचंच नाही, कारण पोराचं तोंड उतरलेलं दिसलं की माणूस विरघळतो. छापणाऱ्याची चूक असेल तर ती चूकसुद्धा तशीच वाचायची. एकदा एकच वाक्य चुकून दोनदा छापलेलं होतं, ते बाईंनी गंभीरपणे दोनदा वाचलं होतं. परीक्षा विभागात त्यांच्या नावानं शपथ घ्यायचे लोक.

ही इस्त्री घरीही मोडत नसे. सकाळी भावाला वर्तमानपत्र वाचून दाखवताना कुणाच्या निधनाची बातमी आणि उद्याचं तापमान त्या एकाच सुरात वाचत.

“ताई, मी गेलो तरी तू असंच सांगशील,” भाऊ म्हणायचा. “प्रश्न पहिला. भाऊ गेला. गुण पाच.”

भाऊ विद्यापीठाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होता. आवारातल्या कुठल्याही फोनवर नऊ फिरवला की तोच बोलणार, म्हणून कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळे त्याला ‘नऊ नंबर’ म्हणत. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. समोरच्याच्या नुसत्या ‘हॅलो’वरून याला सर्दी झालीय की याचं घरी भांडण झालंय, हे मात्र तो ओळखायचा. त्याचा एकच माज होता: नऊ नंबरवर तिसरी घंटा वाजत नाही. दुसरीलाच फोन उचललेला असणार, मग हातात घास असो की चहाचा कप. दोघा भावंडांत लग्न कुणीच केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत.

तर असा हा नऊ नंबर आज त्या काचेच्या खोलीत कान टवकारून बसला होता, आणि त्याला खट् हवा होता.

“कुबडी आहे,” घरी जाताना रस्त्यात बाईंनी शेवटी सांगून टाकलं. तो त्यांच्या कोपराला धरून चालत होता. “एका मुलीची. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डाव्या काखेत कुबडी घेऊन नाचते.”

“कुबडी घेऊन नाचते?” तो चालता चालता थांबलाच. “कशी?”

“कशी म्हणजे? नाचते.”

“अगं, पण कुबडीवर भार देते की कुबडी फिरवते? खट् कधी कधी दोनदा लागोपाठ येतो, तेव्हा काय करते? हे सगळं सोडून तू मला ‘प्रवेश करते’ सांगत बसलीस?”

“समितीनं काढून टाकलं ते.”

समितीचं प्रकरण असं होतं. विद्यापीठात यंदा ठरलं, की सगळ्या प्रकारच्या मुलांना सामावून घ्यायचं आणि ते नुसतं भाषणं ठोकून नाही, कलेच्या मार्गानं. मग समावेश समिती आली. नाट्यविभागाच्या मॅडम वयानं लहान आणि उत्साहानं मोठ्या. त्यांनी पाच मुलांना घेऊन ‘दार’ नावाचं नृत्य बसवलं. रंगमंचाच्या मधोमध नुसती एक चौकट, खाली उंबरा. पाच जण पाच तऱ्हांनी त्यातून पलीकडे जातात, एवढीच गोष्ट. पाचांत एक खूप जाडा मुलगा होता, एक दूरच्या मुलखातून आलेली, वेगळ्याच रंगारूपाची मुलगी होती, एक कुबडीवाली होती. न दिसणाऱ्यांसाठी वर्णनही मॅडमनीच लिहिलं, आणि छान लिहिलं. ते समितीकडे मंजुरीला गेलं आणि परत आलं तेव्हा त्यात कुणीच जाडं उरलं नव्हतं, सावळं उरलं नव्हतं आणि कुबडी तर औषधालाही नव्हती. कुणाच्या व्यंगाचा, बांध्याचा, रंगाचा उल्लेख नको, मनं दुखावतात. समितीच्या हेतूत खोट नव्हती. कुणाला लागू नये म्हणून तिनं पाचही जणांना एका साच्यातून काढलं होतं, इतकंच.

हे ऐकून भाऊ रस्त्याच्या कडेला उभा राहून हसत सुटला.

“म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना दिसणारच. लपवायचं ते फक्त आमच्यापासून!”

“हसतोस काय? माझ्या हातात काय आहे त्यात?”

“तुझ्या हातात माइक आहे, ताई.”

बाईंना ते लागलं. त्यांना हे काम का हवं होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघं लहान होती तेव्हा एकदा त्या भावाला नाटकाला घेऊन गेल्या होत्या. अंधारात त्याच्या कानाला लागून त्या सांगत होत्या: आता राजा आला, आता त्याचा फेटा पडला. पुढचे लोक वळून वळून ‘शूऽऽ’ करायला लागले. मग बॅटरी घेतलेला एक माणूस आला आणि त्यानं दोघांना हाताला धरून बाहेर काढलं. त्यानंतर भाऊ कुठल्याच प्रेक्षागृहात गेला नाही. “नाटक म्हणजे काय, तर दुसऱ्यांच्या हसण्याचा आवाज,” असं तो म्हणायचा आणि विषय संपवायचा. बाईंना एकच हवं होतं. भावानं एकदा, एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसावं, आणि बाहेर आल्यावर काय काय झालं ते त्यानं स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगावं. नेहमी त्याच सांगत आल्या होत्या. एकदा ऐकायचं होतं.

आणि नऊ नंबरला गोडी लागली होती, यात शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी तालमीनंतर त्यानं मॅडमना विचारून रंगमंचच पालथा घातला. चौकट दोन्ही हातांनी चाचपली, उंबऱ्याची उंची पावलानं मोजली, फळ्यांवर कुठे पोकळ वाजतं ते टाचेनं ठोकून पाहिलं. सोबत तोंड चालूच.

“मॅडम, तो मुलगा उडी मारतो म्हणता, ती केवढी? स्टुलाएवढी की खुर्चीएवढी?”

“खुर्चीएवढी असेल,” मॅडम म्हणाल्या.

“असेल म्हणजे? बसवली तुम्हीच ना?”

मॅडम हसल्या. “खुर्चीएवढी. अगदी तिच्या बैठकीएवढी.”

“मग खाली येताना आवाज का होत नाही?”

“गुडघे वाकवून उतरतो ना तो.”

“अस्सं!” त्यानं स्वतःचे गुडघे वाकवून पाहिले. “आणि गिरकी घेतली की चक्कर येत नाही का त्यांना? मला तर खुर्चीत फिरवलं तरी गरगरतं.”

मॅडमनी त्याला गिरकीची युक्तीही सांगितली. नजर एका ठिकाणी रोवून ठेवायची, अंग फिरलं की मान झटकन पुन्हा तिथेच आणायची. नऊ नंबरनं यावर बराच विचार केला. “माझं मग कठीण आहे,” तो म्हणाला, आणि तिघंही मनापासून हसली. बाईंनी भावाला इतकं उत्सुक कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, बसेल हा. या खेपेला शेवटपर्यंत बसेल.

पहिल्या प्रयोगाला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. ड्यूटी दुसऱ्याला दिली होती, हेही आक्रीतच. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसून त्यानं हेडफोन लावला आणि मागे काचेच्या दिशेनं, अंदाजानं, हात हलवला. तो हात थोडा दिवेवाल्याच्या जागेकडे हलला, पण बाईंना कळलं. प्रेक्षागृह भरलं होतं. समितीचे लोकही आले होते.

बाईंनी कागद पसरला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज तोच, परीक्षेचा. पहिला नर्तक दारातून जातो. दुसरी नर्तकी दाराभोवती फिरते. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. ग्रामोफोनची तबकडी लावल्यासारखं चाललं होतं. मधे एकदा भीत भीत वर पाहिलं, तर पहिल्या रांगेत भाऊ पुढे झुकून बसलेला. बाईंच्या पोटात आनंद मावेना. त्यांनी घाईघाईनं नजर बोटावर आणली, ओळ निसटायला नको.

पाचवी नर्तकी आली. खट्, पाऊल, खट्. बाईंचं बोट शेवटच्या परिच्छेदावर आलं.

आणि रंगमंचावर काहीतरी धाडकन आदळलं.

सगळ्या प्रेक्षागृहाच्या तोंडून एकदम ‘हाऽऽ’ असा श्वास निघाला. लाकडावर कसलं तरी घरंगळत गेल्याचा आवाज आला. मग शांतता. इतकी शांतता, की काचेच्या आत बाईंना स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. त्या क्षणी दुसऱ्या कुणीही मान वर केली असती. बाईंचं बोट ओळीवर होतं, नजर बोटावर होती, आणि जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्यांनी जे छापलं होतं ते वाचलं.

“पाचवी नर्तकी सहजपणे दारातून पलीकडे जाते.”

पुढच्या दोन रांगांत माना एकमेकींकडे वळल्या. मग बऱ्याच वेळानं टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. बाईंनी कागद संपवला, माइक बंद केला आणि मगच वर पाहिलं. मुलं रांगेत उभी राहून वाकत होती. पहिल्या रांगेत भाऊ ताठ बसला होता. हेडफोन त्याच्या मांडीवर होता, आणि तो केव्हापासून होता हे बाईंना माहीत नव्हतं.

दोघं घरी आली. बाईंनी चहा टाकला. तो नेहमीच्या खुर्चीत बसला, कप हातात घेतला आणि मग विचारलं. रागानं नाही, राग असता तर बाईंनी भांडून तरी घेतलं असतं.

“कोण पडलं?”

“कुबडीवाली. कुबडी उंबऱ्यात अडकली म्हणे.”

“म्हणे?”

“मॅडम म्हणाल्या, नंतर.”

“लागलं का तिला?”

“कोपर खरचटलं.”

“उठली ना पण? टाळ्या पडल्या म्हणजे उठली असणार.”

“उठली.”

“कशी?”

बाईंनी चमचा बशीत नीट ठेवला. पुन्हा उचलला.

“कुबडी लांब गेली होती ना?” तो म्हणाला. “घरंगळल्याचं ऐकलं मी. मग कुबडीशिवाय कशी उठली? कुणी हात दिला? की चौकट धरली? ताई, मी तेवढंच विचारतोय. सगळा वेळ मी तोच विचार करतोय.”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“तू काचेत होतीस ना?”

“मी कागदात बघत होते.”

त्यानं हातातला कप एकदा फिरवला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे आपण दोघांनीही नाही पाहिलं.”

बाईंना वाटलं, यापेक्षा एक थोबाडीत परवडली असती. इतकी वर्षं घरात एकाला दिसतं आणि एकाला नाही, असाच हिशोब होता. तो आज पार मोडला होता, आणि मोडला होता त्यांच्याच बोटानं.

“उद्या आहे अजून एक प्रयोग,” त्या म्हणाल्या.

“उद्या ड्यूटी आहे मला.”

“बदलून घे की.”

“नको. एकदा बसलो ना, पुष्कळ झालं.” त्यानं कप खाली ठेवला. “तुझी चूक नाही गं. तू आपली वाचत होतीस.”

सकाळी बाई कार्यालयात सही करून थेट उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी साहेबांना कारण सांगितलं नाही. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती मुलगी सापडली. कोपराला पट्टी, कुबडी बाजूला आडवी, मांडीवर पुस्तक. बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या,

“काल तू उठलीस कशी?”

मुलीनं वर पाहिलं. मग ती मोठ्यानं हसली. “अहो बाई, कालपासून शंभर जणांनी विचारलं, लागलं का. कशी उठलीस, हे तुम्हीच पहिल्या!”

“माझा भाऊ विचारतोय.”

“तुम्ही नव्हता का तिथे?”

“होते,” बाई म्हणाल्या, “पण पाहिलं नाही.”

मुलीनं पुस्तक मिटलं आणि तिथे पायरीवरच दाखवायला सुरुवात केली. कुबडी हातातून सुटून चौकटीपलीकडे गेली होती. मग तिच्या मनात आलं, गेली तर गेली, आपण मागून जाऊ. ती सरकत उंबऱ्यावर आली. उंबऱ्यावर चक्क बसली, दारात बसतो तशी. मग दोन्ही हातांनी पाय उचलून एकेक पलीकडे ठेवला. तिथे कुबडी होतीच वाट बघत.

“मॅडमना ते इतकं आवडलं, की म्हणाल्या आज मुद्दामच तसं कर. आज मी कुबडी आधी पलीकडे ठेवणार आहे.”

“मी त्याला काय म्हणू?” बाईंनी विचारलं. “माइकवर. कुबडी म्हटलं तर...”

“कुबडीच म्हणा ना. कुबडीच आहे ती. ‘साहाय्यक साधन’ वगैरे म्हणालात तर मला तिथेच हसू फुटेल.”

“समितीला वाटलं, तुझं मन दुखेल.”

“मन माझं आहे ना, बाई? मग मला विचारायचं होतं.” तिनं कुबडी उचलून काखेत घेतली. “मी वर्षभर हाताळून ही अशी गुळगुळीत केलीय, अर्धा नाच तिचाच आहे. आणि तुमच्या रांगांमधल्या लोकांना ती माहीतच नाही म्हणजे काय!”

तिथून बाई नाट्यविभागात गेल्या. मॅडम कालच्या कौतुकाचे आणि तक्रारींचे फोन घेत होत्या. बाईंनी सरळ विचारलं, “आज मी कागदाशिवाय बोलले तर चालेल का?”

मॅडमनी फोन ठेवला. “बाई, संहिता मंजूर झालेली आहे. समितीला उत्तर मला द्यावं लागतं.”

“मलाही द्यायचंय,” बाई म्हणाल्या. “घरी.”

नऊ नंबरचा मांडीवरचा हेडफोन काल मॅडमनीही पाहिला असणार. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी पर्समधून कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. मॅडमनी तो घडी घालून खणात टाकला आणि खण लावून घेतला.

“समितीनं विचारलं तर सांगेन, कागद माझ्याकडेच राहून गेला,” त्या म्हणाल्या. “पण बाई, तुम्हाला जमेल? कागदाशिवाय?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

संध्याकाळी काचेच्या खोलीत बसल्यावर त्यांना पहिली अडचण आली ती बोटाची. बोट ठेवायला ओळच नव्हती. ते उगाच टेबलावर, पर्सच्या पट्ट्यावर, पदरावर फिरत राहिलं. शेवटी बाईंनी ते समोरच्या काचेवर टेकवलं, तेव्हा जरा धीर आला. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. ती रिकामी असणार हे माहीत असूनही बाईंनी ती दोनदा पाहिली.

भिंतीवर एक आतला फोन होता, दिवे सांभाळणाऱ्यासाठी ठेवलेला. प्रयोगाची घंटा झाली तेव्हा बाईंनी तो उचलला आणि नऊ फिरवला.

पहिल्याच घंटेला आवाज आला. “विद्यापीठ.”

“मी आहे.”

“ताई? काय झालं? ड्यूटीवर आहे मी.”

“काही झालं नाही. मी हा फोन ठेवणार नाहीये. तुला ठेवायचा तर तू ठेव.”

एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर माइकच्या शेजारी आडवा ठेवला आणि माइकचं बटण दाबलं. समोर पडदा सरकत होता.

“नमस्कार,” बाई म्हणाल्या, आणि पुढचं काही सुचेचना. मग त्यांना समोर काय दिसतंय ते दिसलं. “मधे एक दार आहे. म्हणजे दार नाही, नुसती चौकट. खाली उंबरा, विटेएवढा उंच. उजवीकडून एक मुलगा येतोय... थांबा, चुकलं. डावीकडून. चांगला गलेलठ्ठ आहे. अंगात पिवळा सदरा. हा एवढा मोठा मुलगा, आणि पाय मांजरासारखे टाकतोय. आता उडी मारली! खुर्चीच्या बैठकीएवढी. गुडघे वाकवून उतरला, म्हणून आवाज आला नाही तुम्हाला.”

पुढच्या रांगांत कुणीतरी हसलं. रिसीव्हरमधून काही आलं नाही. पण ठेवल्याचा आवाजही आला नाही. बाई बोलत राहिल्या. त्या अडखळल्या, दोनदा चुकल्या, दोनदा स्वतःला दुरुस्त केलं. कधी नुसतंच “अगं बाई!” म्हणाल्या. इस्त्री पार विस्कटली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं, की दूरच्या मुलखातली ती मुलगी दारातून जाण्याआधी चौकटीला विचारल्यासारखी थांबते. की तो जाडा मुलगा पलीकडे गेल्यावरही मागे वळून बाकीच्यांची वाट बघतो. कागदात यातलं काहीच नव्हतं.

“आता पाचवी,” त्या म्हणाल्या. “तिच्या डाव्या काखेत कुबडी आहे. लाकडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. तुम्ही ऐकता तो खट् तिचा. अंगाचा सगळा भार कुबडीवर देऊन ती तिच्याभोवती फिरते, तेव्हा तो लागोपाठ दोनदा येतो. आता ती दाराशी आली. काल ती इथे पडली होती. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते. ती थांबलीय. कुबडी काढली. वाकून ती चौकटीतून पलीकडे ठेवतेय, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तशी. आता तिच्या हातात काही नाही. आता ती...”

बाईंनी काचेवरचं बोट उचलून पुन्हा टेकवलं.

“ती उंबऱ्यावर बसली. आपण संध्याकाळी दारात बसतो ना, तशी. आता मी बोलत नाही. तुम्ही ऐका.”

त्या गप्प बसल्या. सगळं प्रेक्षागृह गप्प होतं. कापड लाकडावर सरकल्याचा आवाज आला. एक पाय पलीकडे टेकला. मग दुसरा. आणि मग, जरा वेळानं, पलीकडच्या बाजूनं, खट्.

टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी माइक बंद केला. काचेवर त्यांच्या बोटाचा दमट ठसा उमटला होता. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“आहेस का रे?”

पलीकडे तो होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि त्याच्या मागे, एक्स्चेंजच्या खोलीत, दुसरी लाइन वाजत होती. दुसरी घंटा झाली. तिसरी झाली. चौथी झाली. बाई रिसीव्हर घट्ट धरून ऐकत राहिल्या.

“फोन वाजतोय तुझा,” त्या म्हणाल्या.

“वाजू दे,” तो म्हणाला. “ताई, तू आता गप्प बस. काय काय झालं ते मी सांगतो. आधी तो जाडा मुलगा आला, पिवळ्या सदऱ्यातला...”

बाई खुर्चीत नीट बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.